पाचवा महिना

सात अंड्यांतलं एकच फुटलं.
त्या निळसर कवचातून जे बाहेर आलं
ते कोटाच्या बटणाएवढं, म्हणून बटण.
चुलीशेजारी, बुटांच्या खोक्यात वाढला,
आणि चिलोएच्या हाडं पोखरणाऱ्या वाऱ्यात
बाहेर जाताना माझ्या एप्रनच्या खिशात.
मी बटाटे सोलायची,
तो खिशातून डोकं काढून
सालींकडे आधी एका डोळ्याने बघायचा, मग दुसऱ्या.

ही चूक होती.
कुणी सांगितलं नव्हतं मला
की चिमूटभर धाकसुद्धा भरवावा लागतो,
दाण्यांबरोबर.

आता पाचवा महिना.
तुरा एका रात्रीत तापल्यासारखा लाल,
घसा फाटलेला.
पहाटे चारला बांग सुरू करतो
आणि शेवटचा सूर गंजक्या बिजागरीसारखा
अर्ध्यात सोडून स्वतःच दचकतो.
मी खुराड्यावर गोणपाट टाकून पाहिलं.
कोंबडं झाकून काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.
खाडीवर उजाडलंच,
आणि रुदेसिंदाबाई कुंपणाशी आल्याच.
"रविवारचा रस्सा," एवढंच म्हणाल्या.

तो सरळ येत नाही कधी.
तिरका येतो, एक पंख जमिनीला घासत,
जणू वाटेत काही पडलंय ते बघायला वळलाय,
माझ्याशी त्याचा काही संबंध नाही.
मग मानेची पिसं छत्रीसारखी उघडतात
आणि रबरी बुटावर थाड.
पायामागच्या खुंटांना अजून टोक नाही.
येईल.

बाउतिस्ता पंधरा दिवसांनी
सॅमनच्या पिंजऱ्यांवरून घरी आला, त्याने लाथ घातली.
बटण चार हात लांब पडला,
उठला, अंग झाडलं, परत आला. खूश.
लाथ म्हणजे त्याच्या भाषेत: चल, होऊन जाऊ दे.
आणि मी पळाले की तो जिंकतो.
लाथ आणि पळ यांच्या मधे
बाईमाणसाला करण्यासारखं काय उरतं?

उभं राहणं.
हातात डब्याचं पत्र्याचं झाकण,
मारायला नाही, नुसतं मधे धरायला.
तो उडी घेतो, झाकण वाजतं, मी हलत नाही.
मग जिथे तो उभा आहे
तिथूनच माझा रस्ता जातो, अशा चालीने चालायचं.
तो बाजूला होतो आणि लगेच
नसलेले दाणे टिपायचं सोंग करतो.
तेवढी माघार पुरे.
त्या वेळी आपण समुद्राकडे बघावं,
त्याची लाज त्याच्यापाशी राहू द्यावी.

नाहीच ऐकलं, तर उचलायचा.
काखेत, पंख दाबून,
डुकराला आंबोण घालताना, फाटक लावताना,
ओहोटीच्या चिखलात शिंपले वेचणाऱ्या बायकांसमोरून,
आणि मुख्य म्हणजे कोंबड्यांसमोरून.
बराच वेळ धडधडतो.
मग मान सैल पडते.
"खिशात मावायचास," मी म्हणते.
त्याला ते आठवत नाही. किंवा आठवतं, म्हणूनच.

माझ्यापेक्षा जास्त शिकवलं ते काणीने.
एका डोळ्याची, अंडी थांबलेली म्हातारी.
तलंगांच्या पाठीवर हा न विचारता चढला
तेव्हा तिने त्याच्या मानेचा चोचभर गुच्छ उपटला
आणि काही झालंच नाही अशी
धुळीत अंघोळीला बसली.
दोन दिवस तो जाळीपलीकडून
सगळ्यांचं जेवण बघत होता.

आज सकाळी बटाट्याच्या वाफ्यात
त्याला जाड गांडूळ सापडलं.
उचललं. टाकलं. उचललं. टाकलं.
टुक टुक टुक, असा आवाज
मी त्याच्याकडून कधीच ऐकला नव्हता,
कुठेच न फाटलेला.
खाल्लं नाही त्याने.
तलंगा धावल्या, पण पोचली आधी काणी,
आणि तो बाजूला उभा राहिला,
पाहुण्यांना वाढून झालेल्या माणसासारखा.

मी मान वळवून हसले असेन.
पाठमोरी होते. बुटावर थाड.

बाउतिस्ता शनिवारी येतोय.
कुऱ्हाड छपरात आहे, मी जागा बदलली आहे तिची.
झाकण दाराशी, खिळ्याला.
त्याला अकरा पोचे आहेत, मोजले मी.
या आठवड्यातला एकच.