चौथं चाक

तीन दिवस झाले, डॅशबोर्डवर पिवळा दिवा जळतोय.
गोल कंसात तीन अक्षरं.
ब्रेक लागतो. पण गाडी अगदी थांबता थांबता
पायाखाली कुरकुर होते,
वाळक्या तुरीच्या शेंगा तुडवल्यासारखी.

वरुडचा जब्बारभाई म्हणाला, पूर्ण युनिट बदला, चाळीस हजार.
आणि रविवारी आम्ही सात जण
चिखलदऱ्याचा घाट उतरणार.

म्हणून आज अंगणात जॅक.
पुढच्या चाकांना दगड.
मी शिकवते त्या आयटीआयचं मीटर
शनिवारपुरतं मागून आणलेलं.
बाबा बाजेवर. बत्तीस वर्षं एसटी चालवली, मोर्शी डेपो.
एकही अपघात नाही, हे ते कधी सांगत नाहीत,
भिंतीवरची फ्रेम सांगते.

"उंदरानं खाल्लं असन."
पाहिलं. उंदरानं खाल्लं नव्हतं.
ऑइल पुरेसं. फ्यूज शाबूत.
चाकाआड काळ्या मातीचा गोळा, विटेसारखा वाळलेला,
त्यात पऱ्हाटीची काडी.
जुन्या टूथब्रशनं खरवडला.
सेन्सरच्या नाकाखाली लोखंडी भुग्याची मिशी,
तीही पुसली.
दिवा तसाच.

मग एकेका चाकाला विचारत गेले.
पुढची दोन्ही एक पॉइंट एक, जुळ्या भावांसारखी.
मागचं उजवं जरासं जास्त.
पिंकूनं ते हातानं गरगर फिरवलं
तर मीटरवर थेंबभर वीज आली.
"आत्या, चाक बोलते!"
मागचं डावं काहीच बोललं नाही.

"पन हे मशीन करते तरी काय, बाप्पा?"
मी सांगितलं, ब्रेक दाबल्यावर चाक घसरायला लागलं
की ती ब्रेक सोडते, धरते, सोडते, धरते,
एका सेकंदात दहा-पंधरा वेळा.
स्टेअरिंग आपल्या हातात राहतं.
"हे त आमी पायानं करत होतो.
वावरातला चिखल डांबरावर आला का
ब्रेक दाबाचा नाई, पोरी. इचाराचा.
पाय सांगे बरोबर, किती."

मग दोघंही गप्प.
मागल्या महिन्यात अमरावतीच्या डॉक्टरनं
त्यांच्या अंगठ्याला थरथरता चिमटा टेकवला होता,
काय वाटतं, काका?
"काय वाटाले पाह्यजे?"
असं बाबांनी खरंच, मनापासून विचारलं होतं.
त्या रात्री गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये सापडली.
मागितली नव्हती मी.

वायर वरून नवीकोरी.
चेपत चेपत गेले, शेंगेत दाणा भरलाय का पाहावा तशी.
जिथं ती चाकाबरोबर रोज वाकते,
तिथं आकडा लुकलुकला आणि गेला.
आतलं तांबं तुटलं होतं,
कातडीला पत्ता नव्हता.
सोललं, पिळलं, कथलाचा एक थेंब,
वर रबरी नळी, आगपेटीच्या काडीनं आवळलेली.
बोट भाजलं. पिंकूनं त्यावर टूथपेस्ट लावली, भरपूर.

दिवा लगेच गेला नाही.
जब्बारभाईचे चाळीस हजार डोळ्यांसमोर आले.
कॅनॉलच्या पुलाजवळ, तिसाच्या स्पीडला,
पिंकू ओरडला तेव्हा कळलं की तो केव्हाच विझलाय.

मुरमाच्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही पाहून,
जोरात दाबला.
थडथड थडथड. खडे उडाले. गाडी सरळ उभी.

"आली का थे?"
"आली बाबा. पायाला कळते."
त्यांनी चप्पल काढली.
अनवाणी पाय खालच्या पत्र्याला रेटून
वाट पाहत बसले थोडा वेळ.
"आनखी एकडाव."

वेग धरला. ब्रेकवर पाय नेता नेता
डावीकडे पाहिलं:
बेल्ट ताणून, कसेबसे वाकून,
बाबांनी पत्र्यावर
तळहात टेकला होता.