दोन मनगटं

उजव्या मनगटावर प्रेमानंदचं घड्याळ, उसनं.
डाव्यावर दुकानातलं, सात दिवसांच्या बोलीवर.
पावणेसहाची फेरीबोट. रायबंदर मागे सरकतं.
बाबुसो साखळी ओढता ओढता विचारतो,
"डॉक्टरबाय, वेळ दोनदा बघता?"
मी डॉक्टर नाही, औषधं विकते.
अर्धी मॅरेथॉन तीनदा पुरी केली,
दोन तासांच्या आत एकदाही नाही.

चव्वेचाळीस हजार.
लोटलीकर म्हणाला, बॅटरी वीस दिवस,
उपग्रहांशी दोन लहरींवर बोलतं, झोप मोजतं,
सकाळी उठल्यावर तुमची तयारी किती टक्के, ते सांगतं.
मी विचारलं, घामानं पट्टा कुजतो का?
तो काच पुसू लागला.

दिवाडीच्या धक्क्यावर
आधी डावी कळ, मग उजवी;
तेवढ्यात एक सेकंद सांडला.

खाजनातला सरळ रस्ता, दोन्हीकडे पाणी,
वर मोकळं आभाळ.
इथे दोघांचं एकमत.
पिएदादच्या चढावर माड दाटले, मधे आंबे,
तिथे उजवं भरकटलं.
नकाशात मी फुर्तादबाईच्या न्हाणीघरातून पळालेय,
विहिरीवरून, खुराड्यावरून,
आणि पुन्हा रस्त्यावर, काही न घडल्यासारखी.
डावं रस्ता सोडून हललं नाही.
गुण डाव्याला.

मानशीपाशी कायतान दार वर ओढून उभा,
ओहोटीचं पाणी नदीत सोडत.
"आज उशीर केलास," पाण्याकडे बघत म्हणाला.
मी दोन्ही हात पुढे केले:
चार मिनिटं लवकर, दोघांच्याही मते.
त्यानं पुन्हा पाण्याकडे बघितलं.
"मग पाणी लवकर गेलं."

दहा पूर्णांक शून्य चार. दहा पूर्णांक एकतीस.
दमलेले पाय मोठा आकडा खरा मानायला तयार.

परतीच्या फेरीत कळा दाबायच्या राहिल्या.
लोखंडी बाकावर बसून केळं खात होते.
घरी बघते तर मांडवीवर निळी रेघ, ताठ,
या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत
पाण्यावरून पळत गेलेली मी,
किलोमीटरला पाच मिनिटं वीस सेकंदांच्या वेगानं,
ठोके फक्त ब्याण्णव.
खाली शेरा: प्रगती उत्तम.

प्रेमानंदचं परत केलं.
डावं बहुतेक ठेवीन;
पट्ट्याखालची कातडी आठवड्यात गोरी पडलीय,
तेवढे पैसे वळते झाल्यासारखे वाटतात.
ती रेघ पुसता येते.
लोटलीकर लगेच दाखवील,
म्हणून त्याला विचारलेलं नाही.