पाचवा रकाना

बसऱ्याला माझ्या हाती बंदूक सहाच महिने होती.
मग कॅप्टन लोगननं माझं अक्षर पाहिलं
आणि मला सावलीत बसवलं.
मिशनच्या शाळेत घोटलेलं इंग्रजी,
त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं.
नकलनविसाला कळावं लागत नाही.

पाच रकाने होते.
टोळी. म्होरक्या.
वैर कुणाशी नि कशावरून.
धर्माचं वारं.
आणि शेवटी, अरुंद: किती दिलं तर वळेल.

एकाचं वैर खजुराच्या सात झाडांवरून,
एकाचं उंटिणीवरून, ती मरूनही बारा वर्षं झालेली.
एका विहिरीचं तर इतकं जुनं
की विहीर कुठं होती ते दोघांनाही सांगता येईना.
मला हसू यायचं.
आमच्या बेळगुंदीत रताळ्याच्या बांधावरून
हुंदरे नि किणेकर तीन पिढ्या
एकमेकांच्या मयताला जात नाहीत,
हे मी साहेबाला सांगितलं नाही.
त्यानं विचारलं नव्हतं.

बातमी आणायचा दुखैल, डोळ्यात फूल पडलेला उंटवाला.
बोटाएवढ्या पेल्यात कडू कॉफी ओतायचा नि बोलायचा.
एकदा म्हणाला, आत वाळवंटात नवं वारं सुटलंय.
माणसं डोक्यावरचा काळा गोफ सोडतात,
पांढरं फडकं गुंडाळतात,
उंट विकून मातीची घरं बांधतात
आणि जुन्या सोयऱ्याचा सलाम घेत नाहीत.
साहेबानं विचारलं, माणसं किती? घोडी किती?
दुखैल म्हणाला, माझा धाकटा भाऊ गेला त्यात.
हे कुठल्या रकान्यात घालू, मी विचारलं.
साहेब म्हणाला, गाळ.
मी गाळलं.

खजुराच्या सात झाडांचा कागद उन्हाळ्यात परत आला,
वर लाल शाईत: निकाली.
झाडांचं काय झालं ते त्यात नव्हतं.

यंदा बेळगावात मोठी सभा भरायची आहे.
काल सांजेला कॅम्पातनं फौजदार आला,
सायकल फणसाला टेकवून कट्ट्यावर बसला.
उकडलेलं रताळं सोलत आधी पावसापाण्याचं बोलला,
निम्मं कन्नडात, निम्मं मराठीत.
"हुंदरे, तुमचं अक्षर लई चांगलं म्हणे की."
पिशवीतनं कागद काढला.
रेघा मारलेल्या होत्या. मला मोजाव्या लागल्या नाहीत.

कोण पोरं रुमाल टाकून पांढरी टोपी घालतात,
मठात रात्री कोण बोलतो, किती जण बसतात,
निपाणीचा तंबाखूवाला कुणाला पैसे पोचवतो,
"आणि त्या किणेकरांशी तुमचं कशावरून ते,
जरा तपशिलानं, बगा."
माझा धाकटा भाऊ आतल्या सोप्यात जेवत होता.
टोपी खुंटीला होती.
दारातनं दिसत होती.

रात्री कंदील मोठा केला.
टोळी: हुंदरे.
म्होरक्या: मष्णू भरमाणा, माजी लान्सनाईक.
वैर: किणेकरांशी, दीड हात बांधावरून.
बांध आमच्याच आजानं सरकवला होता;
घरात सगळ्यांना ठाऊक आहे,
कागदावर आज पहिल्यांदाच येतंय.
धर्माचं वारं: धुळीनं शिंका येतात, बाकी काही नाही.
इथंही एक वाक्य गाळलं.
या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

पाचव्या रकान्याशी हात थांबला.
मग लिहिलं: महिना नऊ रुपये पेन्शन.
कधीपासून मिळतेच आहे.

शाई ओली होती.
बसऱ्याला चिमूटभर वाळू टाकली की काम भागायचं,
कोरडी, पिवळी, फुंकली की निघून जायची.
इथं अंगणातली माती टाकली,
तांबडी, दवानं भिजलेली.
ती निघेना.
सकाळी फौजदार येईल, नखानं खरवडील,
वाचता येईल तेवढं वाचील.