नव्वद पूर्णांक चार

सकाळी सात वाजून दोन मिनिटं.
दोन मिनिटं रोजच उशीर, कारण घुडूसाब
आधी माइकवर फुंकर मारतात, मग खोकतात,
मग म्हणतात, "उदगीरकरहो, उठलाव का?"
बाजूला मी, सुलक्षणा तोंडारे, चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन.

आमचा आवाज फार लांबचा नाही.
हत्तीबेटाच्या पायथ्याशी त्याला धाप लागते,
इकडं बिदरच्या रस्त्याला
कन्नड गाणी त्याला गिळून टाकतात.
मधल्या मुलखात जेवढी माणसं, तेवढी आमची.

पहिली चिठ्ठी: एसटीत कवळी सापडली. वरची.
कंट्रोलरसाहेबांनी फडक्यात बांधून ठेवलीय.
ज्याची असंल त्यानं यावं, घालून दाखवावी, न्यावी.
दुसरी: रक्त पाहिजे, ओ निगेटिव्ह, बाळंतीण आहे.
ही तीनदा वाचायची.
तिन्ही वेळा घुडूसाब टोपी काढून बसतात,
रेडिओवर कुणाला दिसतंय?
तिसरी: पोपट हरवलाय. कन्नड बोलतो.
मालकीण मराठी, पोपट कन्नड,
हे कामून, ते विचारू नये, असं खाली लिहिलंय.
आणि ताजी बातमी: एक देवणी वळू
शाळेत शिरला, चौथीच्या वर्गात,
हजेरी संपेपर्यंत हलला नाही.
गुरुजी म्हणाले, पट वाढला.

सव्वासातला फोन वाजतो.
"हॅलो, बोला."
काही नाही. नुसता श्वास,
त्याच्या मागं डाळमिलचा पट्टा,
हातपंपाची किंचाळी, तीन लांब, एक तुटकी,
आणि एक बाई शेळीला हाक मारते, "शहजादीऽऽ"
आधी मी फोन कापायची.
एकदा घुडूसाबांनी माझा हात धरला:
असू दे. ह्याला एवढंच सांगायचं असंल.
तेव्हापासून त्याला रोज पंधरा सेकंद.
खताच्या दुकानदारानं तक्रार केली,
आम्ही सेकंदाला पैसे मोजतो
आणि हा बाबा फुकट गप्प बसतो.

मंगळवारी फोन आला नाही.
बुधवारी नाही.
गुरुवारी सव्वासातला आम्ही जुनंच रेकॉर्डिंग लावलं.
"ऐका," घुडूसाब म्हणाले, "आणि सांगा, हे कुठलं घर?"

पहिला फोन मिस्त्रीचा: तो पंप माझ्या हातचा,
वायसर गेलंय, बदलू का म्हणलं तर पैसे कुणी देईना.
मग डाळमिलचा एक हमाल: पट्टा आमचाच,
पण एवढा बारीक ऐकू येतोय म्हणजे
मागच्या बोळाच्या टोकाला बघा.
मग एक बाई, पळत आल्यासारखी,
"ऐ बाबा, शहजादी तो हमारी बकरी!"

नऊ वीसला दार मोडलं.
शिवलिंग आष्टुरे. टेलिफोन ऑफिसात
तीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली,
घशाच्या ऑपरेशनात स्वतःचा आवाज गेला.
मोरीत पाय घसरून पडले होते, खुबा मोडला,
दोन दिवस नळाच्या ठिबक पाण्यावर.
जिवंत.
बाहेर खाटेवर रेडिओ चालूच होता.
म्हणजे पंप, पट्टा, शेळी,
आपल्या घराचा पत्ता गावानं कसा लावला
ते सगळं त्यांनी पडल्या पडल्या ऐकलं.

त्या दिवशी आम्हाला धड बोलता आलं नाही.
घुडूसाबांनी मिस्त्रीचे, हमालाचे आभार मानले,
शेळीचे वेगळे.
मग खोकला आला म्हणून गाणं लावलं.

आता फोन सरकारी दवाखान्यातून येतो.
रिसीव्हरवर नखानं दोन टिचक्या.
पाठीमागं नर्स कुणावर तरी ओरडत असते.
मिस्त्री फुकटात वायसर घेऊन बोळात गेला होता,
बायांनी त्याला पंपाला हात लावू दिला नाही.

पोपट सापडला नाही.
कवळीला तिघं येऊन गेले,
कुणालाच बसली नाही.