दोन मिलिमीटर

कामिल स्विंडनला गेला तेव्हा
बेस माझ्याकडे ठेवून गेला,
साडेतीन हजारांच्या उधारीपोटी.
जाता जाता म्हणाला, पुलाकडचा पिकअप जरा कुरकुरतो,
लक्ष दे.

आता तो कुरकुरतही नाही.
सात वर्षं बेताळभाटीच्या लग्नांत
समुद्राकडे तोंड करून उभा होता बिचारा.
खाऱ्या वाऱ्यानं चुंबकांच्या टोकांवर गंज चढवला,
आणि केसाहून बारीक तारेच्या
हजारो वेढ्यांत कुठेतरी
एक वेढा तुटला.
मल्टिमीटरच्या पडद्यावर डावीकडे नुसता एक:
म्हणजे अनंत.
नववीच्या वर्गात मी अनंत असा शिकवत नाही.

मानेकडचा जिवंत आहे, पण एकटा पडला की घरघरतो.
हॉलच्या ट्यूबलाइटी, केटररचा फ्रीज,
जो बोलेल त्याचं ऐकतो.
दोघं उलट दिशांनी गुंडाळलेले असतात,
दोघं उघडे ठेवले
की एकाची घरघर दुसऱ्याची खोडते.
हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या,
आमचं असं कधी जमलं नाही हो.

मडगावात, जुन्या मार्केटच्या मागे
लुर्दीनच्या दुकानात काचेखाली:
अकरा हजारांचा, डबीच इतकी देखणी
की पिकअप परत देऊन डबी घ्यावी;
चार हजारांचा, कोरियातला,
लुर्दीन म्हणाला, मी असतो तर हाच घेतला असता
(तो सॅक्सोफोन वाजवतो);
आणि प्लास्टिकच्या पिशवीत, नाव नसलेली,
नऊशेची जोडी.

मी कंपासपेटीतली पट्टी काढली.
माझा मानेकडचा ब्याण्णव,
पुलाकडचा चौऱ्याण्णव.
नऊशेतले दोन्ही ब्याण्णव.
दोन मिलिमीटरांनी काय होतं गं, लुर्दीन म्हणाला,
लग्नात कोण बघतो?

खरंय, कोण बघतो.
लग्नात बेस कुणी ऐकतसुद्धा नाही.
नवरीच्या काकाचे बूट ऐकतात,
आणि टेबलावरच्या ग्लासातलं पाणी.
तरी ती दोन मिलिमीटरांची फट
चांदरच्या वळणापर्यंत बसमध्ये माझ्या शेजारी बसून आली.

कुडचड्यात बाबुसो गावकर
खाणीच्या ट्रकांचे स्टार्टर गुंडाळायचा.
खाणी थांबल्या, आता पंप गुंडाळतो, मिक्सर गुंडाळतो,
आणि मधल्या वेळात दारात बसून
रस्त्यावरून काय गेलं नाही ते मोजतो.
पिकअप हातात घेऊन त्यानं उलटसुलट केला.
ही तार? बाई, माझ्या चष्म्याची काडी
हिच्या शंभरपट जाड.

पहिल्यांदा एकतीसशेवर तुटली.
दुसऱ्यांदा सहा हजारांवर, कारण बाहेर कुणीतरी हॉर्न दिला.
तिसऱ्यांदा त्यानं शटर अर्धं ओढलं,
पंखा बंद केला,
आणि कुठल्या दिशेनं, एवढंच विचारलं.
दुसऱ्याच्या उलट, मी म्हणाले.
मग त्याचे ओठ तेवढे हलत राहिले,
आठ हजार चारशेपर्यंत.
घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर थांबला होता,
तोही पडला नाही.

सात पूर्णांक सहा किलोओम.
आकडा हलला नाही.
मजुरी चारशे, तारेचं रिळ बेळगावहून दोनशे चाळीस.
उरलेली तार त्यानं मला परत दिली,
पुन्हा तुटली तर, म्हणाला,
जणू त्याची तशी इच्छा होती.

रविवारी चांदरला, एका लग्नात
दोन्ही उघडे ठेवले.
घरघर गेली.
ती गेलेली कुणाच्या लक्षात आली नाही,
ड्रमवाल्या फ्लोरिआनच्याही नाही,
त्यानं मला नुसतं विचारलं, आज एवढी हसतेस कशाला?

रात्री फोनवर रेकॉर्ड केलेलं
कामिलला पाठवलं.
दोन दिवसांनी उत्तर आलं:
बरें वाजता.

फोनच्या स्पीकरातून बेस येतच नाही.
त्यानं ऐकले असतील टाळ्या, चमचे,
आणि चांदरचं कुणीतरी
त्याच्या ओळखीचं हसू.

उधारी फिटली,
हे मी त्याला अजून लिहिलेलं नाही.