अर्धा रामराम

सदरच्या गल्लीतलं दुकान बाबांचं, आता माझं.
नावपट्ट्या, बिल्ले, पदकांच्या फिती,
बेरेचं अस्तर बदलून मिळेल.
पाटीवरचं 'मिळेल' उन्हानं उडालंय,
येणाऱ्यांना ठाऊक असतं.

त्यांच्या पलटणीचा एक रामराम आहे.
एकानं अर्धा म्हणायचा, दुसऱ्यानं उरलेला.
तो मी इथे लिहिणार नाही.
तुम्हाला माहीत असेलच:
मगांवर छापलाय, गाड्यांच्या काचांवर आहे,
धरमपेठेतल्या जिमचा पोरगा
वजन उचलताना तोच ओरडतो.

मी काउंटरएवढी होते तेव्हापासून मला पाठ.
एक गिऱ्हाईक दारातून म्हणायचं,
बाकावरचं उत्तर द्यायचं,
बाबा मान खाली घालून टाके घालत राहायचे.
"तुम्ही काहून नाही म्हणत?" एकदा विचारलं.
"मी माप घेतो," म्हणाले. एवढंच.

बाबा गेले त्याच वर्षी मी म्हटला.
नाईक दादाराव उईके, रामटेकच्या पलीकडचे,
फीत विरली म्हणून आले होते.
वाटलं, बरं वाटेल म्हाताऱ्याला.
तोंड गप्पच राहिलं त्यांचं,
पण प्लास्टिकच्या चपलांतल्या टाचा
आपोआप जुळल्या,
झोपलेल्याची पापणी बॅटरीच्या उजेडानं हलावी तशा.
मग त्यांनी स्वतःच्या टाचांकडे पाहिलं,
खिशात कुणाचा हात सापडावा तसं.
"फीत कधी देशील?"
"परवा."
आले चार महिन्यांनी.

सव्वीस जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला
सगळ्यांसाठी उघडतात.
चढावर दिसले मला, पदकं लावून, नातवाचा हात धरून.
वरपर्यंत अकरा जणांनी म्हटला. मी मोजले.
एक चट्ट्यापट्ट्यांच्या टी-शर्टवाला,
एक बाई, तोंडात संत्र्याची फोड असताना,
एक गृहस्थ मोबाइल समोर धरून:
"जरा जोरात, अंकल."
वाईट नव्हती माणसं. एकाचे तर डोळे खरंच भरले होते.
दादाराव प्रत्येकाला उत्तर देत गेले
आणि दर वेळी आवाज आटत गेला,
धुऊन धुऊन आटणाऱ्या कापडासारखा.
नातू म्हणाला, "आबा, हे सारे तुमच्यासंगं होते?"
त्यांनी त्याला फुगा घेऊन दिला.

आणि या मे महिन्यात, भर दुपारी,
आले ते थेट बाकावर बसले.
पेपरात गुंडाळलेली फीत शेजारी ठेवली, उघडली नाही.
"भंडाऱ्याचा गोडघाटे गेला.
आमच्यातला शेवटचा.
दर रविवारी फोन करे. बोलणं काही नाही.
तो अर्धा म्हणे, मी अर्धा. मंग ठेवून देऊ."

मग ते उभे राहिले.
दुकानात आम्ही दोघं, आणि बिनमुंडक्याचा पुतळा
बटणं लावायची राहिलेला कोट घालून.
दादारावांनी म्हटला. पहिला अर्धा.
ओरडून नाही.
रात्री थंडीत शेजारच्या खंदकाला
विचारत असतील तसा: आहेस ना?

उरलेला माझ्या जिभेवर आला.
तीस वर्षं तिथंच तर होता.
सुई बोटांत धरून मी गप्प राहिले.
कूलर घरघरत होता,
बाहेर कुणी ऑटो मागे घेत होतं.
बराच वेळ.

ते बसले. "बरं केलं, पोरी," म्हणाले,
आणि पाणी मागितलं.

निघताना माझ्या तोंडून गेलं, "जोहार, दादा."
तोही खरं तर माझा नाही.
दारात थांबले, उन्हाला हात आडवा धरून.
"हे चालते," म्हणाले, "हे घरचं आहे.
घरी पाहुणा येऊ शकते."

पेपरातली फीत बाकावरच राहिली.