उलट्या हाताची टीप

तंबू आले तेव्हा शाळेच्या माळावर घोट्याएवढा चिखल होता
आणि दूधगंगा चार दिवस आमच्या घरांत राहत होती,
भाडं न देता.
ट्रकमधून आधी पाण्याची पिंपं उतरली,
मग मळकट पांढऱ्या कापडाचे गठ्ठे.
एकेक उचलायला सहा माणसं.

कापडावर निळी अक्षरं.
कन्नड नव्हेत, मराठी नव्हेत, इंग्रजीही नव्हेत.
तलाठी हंजीसाहेबांनी चष्मा पुसून पाहिला,
दहावीत पहिल्या आलेल्या पोरीनं मान तिरकी केली,
शेवटी बसलिंगव्वा म्हणाली,
"यार्दर इरली, ओणा इद्र साक."
कुणाचं का असेना, कोरडं असलं म्हणजे झालं.

आमच्याकडे पाटीचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.
एका रात्री एक भाषा डांबराखाली जाते,
दुसऱ्या रात्री दुसरी.
ही पहिलीच पाटी
जिला कुणी काळं फासलं नाही.
वाचताच येईना, भांडायचं कशावरून?

वरच्या धरणाची दारं किती उघडली,
खालच्या धरणाची किती लावली,
याचं पत्र म्हणे दोन राज्यांच्या कचेऱ्यांत फिरत होतं.
ते पोचलं तेव्हा पाणी
माझ्या दुकानाच्या तिसऱ्या फळीवर होतं,
जिथं मी लग्नसराईचे ब्लाउजपीस ठेवतो.
आणि हे कापड मात्र
कुठला तरी समुद्र ओलांडून
कुणाचाच पत्ता न विचारता आलेलं.

दस्तगीर मकानदारानं गुळाच्या काहिलीतून
आधी माणसं काढली, मग दोन म्हशींची रेडकं,
शेवटच्या खेपेला माझं मशीन.
"पोरेमामा, हे भिजलं तर तुम्ही काय खाणार?" म्हणाला.
त्याचं स्वतःचं घर तेव्हा
कौलांपुरतं दिसत होतं.

तिसऱ्या रात्री वारा सुटला
आणि आमच्या तंबूची एक बाजू उसवली.
बायकापोरांना आत सरकवून मी बाहेर बसलो,
दस्तगीरनं बॅटरी धरली.
फाटल्या जागी हात फिरवला
तर तिथं आधीच एक टीप होती.

मी चाळीस वर्षं शिवतोय.
लोक अक्षरावरून माणूस ओळखतात, मी टाक्यावरून.
हा शिंपी नव्हता.
टाके डावीकडून आलेले, म्हणजे डावखुरा,
किंवा उजवा हात जायबंदी.
दोरा नव्हताच, मासेवाल्यांची तंगूस होती.
सुरुवातीचे टाके लांब, घाईचे,
मग हळूहळू बारीक होत गेलेले,
जसं कुणी आत झोपल्यावर
मागून घाबरणं ओसरत जावं.
शेवटी गाठ. एक नाही, तीन.

खानापूरची रेजिना नर्स म्हणाली,
हे तंबू जुनेच असतात, मामा.
कुठं भूकंप, कुठं वादळ,
काम झालं की धुतात, मोजतात, घडी घालतात,
पुढच्या गावाला पाठवतात.
कुठल्या देशाचा? तिला माहीत नव्हतं.
मी पुन्हा विचारलं नाही.

त्याची टीप मी उसवली नाही.
तिच्या शेजारून माझी घातली,
उजव्या हाताची, काळ्या दोऱ्याची,
आणि पावसात दस्तगीरची बॅटरी
एकदाही हलली नाही.
(तो म्हणतो हलली होती. असेल.)

महिन्यानं तंबू परत गेले.
हंजीसाहेबांच्या कागदावर एक रकाना होता,
"वस्तूची स्थिती". त्यांनी मला विचारलं.
"दुरुस्त" लिहा म्हटलं.
त्यांनी कन्नडमध्ये लिहिलं,
मी मराठीत सही केली.

घडी घालताना आतल्या खिशात
मी एक रीळ ठेवलं, आणि मेणकापडात गुंडाळलेली सुई.
चिठ्ठी लिहिणार होतो.
कुठल्या लिपीत लिहू, तेच कळेना.

आता कुठं काही कोसळल्याची बातमी लागली
की रेडिओचा आवाज वाढवतो
आणि मनात त्या माणसाला सांगतो,
जो कोण असेल, ज्या हाताचा असेल:
सुई नाही ती, दाभण आहे.
अंधारात बोट जपा.